आतला हात

एप्रिलमधली जामखेडची दुपार. पंखा गरम वारा फेकत होता, भिंती तापल्या होत्या आणि पाळण्यातल्या दीड महिन्याच्या बाळाच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढलेलं टोपडं होतं. "अगं, घामाघूम झालीय लेक, काढ ते," मी भाचीला म्हटलं. ती बोलली नाही, पाळण्याची दोरी ओढत राहिली. मी टोपड्याच्या नाड्या सोडायला गेले, तर तिनं माझा हात धरला. "मावशी, नको. कुणीतरी येईल."

टोपड्याखाली डोक्याची मागची उजवी बाजू चपटी झालेली होती. मळलेल्या कणकेचा गोळा परातीत ठेवून दिला की खालून जसा बसतो, तशी. गेले दोन आठवडे भाची ते झाकत होती. बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई काही ना काही बोलून गेली होती. एकाच कुशीवर निजवलंस. मालीश नीट करून घेतली नाहीस. ग्रहणात काही चिरलं होतंस का? पहिलंच बाळंतपण, माहेरी आलेली पोर. तिनं या सगळ्याचा एकच अर्थ लावला, की चूक आपली आहे. आणि आपली चूक चारचौघांत दाखवायची नसते.

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या आजींनाही डोकं दिसलं होतं. आमच्या भागातल्या कितीतरी लेकरांचं पहिलं न्हाणं या बाईंच्या पायांवर झालेलं आहे. त्या म्हणाल्या, "डोस्कं म्हंजी कच्चं मडकं. वलं हाय तवरच थापून घ्यावं लागतं." आठ दिवस त्या टाळूवर तेल भरून दोन्ही तळव्यांनी डोकं दाबत होत्या. बाळ कळवळून रडायचं आणि भाची स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. मोहरीची उशीही शिवून झाली. फरक काही पडला नाही.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई आल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला भेटायला आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. त्यातली ही शेवटची खेप. वजन झालं, ताप बघून झाला. मग त्या सहज म्हणाल्या, "ताई, टोपडं काढता का जरा?" भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी नाड्या सोडल्या. आशाताईंनी बाळाला मांडीवर बसतं धरलं, मान सावरली आणि वरून, अगदी विहिरीत डोकावावं तसं डोक्याकडे बघितलं. मग एकच प्रश्न विचारला, "ही जास्त कुठल्या बाजूला बघते?" कुणाला दोष नाही, कपाळाला आठी नाही. "उद्या डॉक्टरांना दाखवू. मी येते सोबत."

त्या वरून बघण्यातच अर्धं निदान आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी आधी टेप लावली. भुवयांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून. साडेसदतीस सेंटिमीटर. जन्मतः डोक्याचा घेर साधारण तेहतीस ते पस्तीस सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटरनं वाढतो, पुढचे तीन महिने एकेक सेंटिमीटरनं आणि नंतर वर्षाचं होईपर्यंत महिन्याला अर्ध्या सेंटिमीटरनं. म्हणजे वाढ ठीक होती. मग त्यांनी टाळूवर बोट फिरवलं. मऊ, ना खचलेली ना फुगलेली. डोक्यावरच्या सांध्यांवरून बोट नेलं, कुठे कडा लागते का ते बघितलं. शेवटी बाळाची मान दोन्हीकडे वळवली. उजवीकडे सहज वळली, डावीकडे अडली.

"मानेच्या डाव्या बाजूचा स्नायू आखडलाय," ते म्हणाले. "म्हणून ती सारखी उजवीकडे बघते, त्याच बाजूवर डोकं टेकतं आणि तीच बाजू चपटी होते. आईनं काहीही चुकीचं केलेलं नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी भाचीकडे बघून म्हटलं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. दोन आठवड्यांत असं वाक्य तिला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं.

आता मडक्याची गोष्ट. आजींची उपमा खोटी नाही, अर्धी आहे. कुंभार थापटण्यानं मडकं बाहेरून ठोकतो हे आपल्याला दिसतं. पण त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो, गोळा धरलेला. त्या आतल्या हाताशिवाय थापलं तर मडकं आकार घेत नाही, बसतं. बाळाच्या डोक्यातला तो आतला हात म्हणजे मेंदू. पहिल्या वर्षात तो झपाट्यानं वाढतो आणि कवटीला बाहेर ढकलत जातो. कवटीची हाडं म्हणूनच जन्मतः जुळलेली नसतात. त्यांच्यामध्ये सांधे मोकळे असतात आणि सांधे एकत्र येतात तिथे टाळू. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत भरून येते, पुढची मोठी साधारण नऊ ते अठरा महिन्यांत, काहींची दोन वर्षांपर्यंत. आकार येतो तो या आतल्या हातानं. बाहेरच्या तळव्यांनी दाबून तो येत नाही. दाबल्यानं बाळाला नुसती इजा होऊ शकते.

म्हणून आम्हाला सांगितलेले उपाय साधे होते. पाळण्यात बाळाचं डोकं एक दिवस या टोकाला, एक दिवस त्या टोकाला ठेवा, म्हणजे आईकडे, उजेडाकडे बघायला ते मान दुसरीकडे वळवेल. खुळखुळा डाव्या बाजूनं वाजवा. जागं असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून चार-पाच वेळा पोटावर खेळवा. मानेचे व्यायाम शिकून घ्या. झोळीत तासन्‌तास ठेवू नका. उशी काढून टाका, मोहरीचीही. वर्षापर्यंत बाळाच्या डोक्याखाली उशी लागतच नाही. मात्र झोपवताना पाठीवरच झोपवा. अमेरिकेत १९९२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळाला पोटावर न झोपवता पाठीवर किंवा कुशीवर झोपवायला सांगितलं आणि झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू पुढे निम्म्याच्या आसपास कमी झाले. त्यानंतर चपट्या डोक्याची बाळं जास्त दिसू लागली, पण चपटेपणाला उपाय आहे. म्हणून झोप पाठीवर आणि खेळ पोटावर.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत लांबट किंवा वेडंवाकडं दिसणारं डोकं बहुतेक वेळा जन्मवाटेतून येताना दबलेलं असतं. ते आपोआप गोल होतं. पडून पडून चपटं झालेलं डोकं वेळेवर बाजू बदलल्यानं बहुतेकदा सुधारतं. पण काही डोकी अशी नसतात आणि म्हणूनच मी हा लेख लिहिते आहे.

नगरच्या जिल्हा रुग्णालयात मानेचे व्यायाम शिकायला गेलो, तेव्हा रांगेत शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर चौदा महिन्यांचा नातू. त्याचं डोकं दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं अरुंद आणि मागेपुढे होडीसारखं लांब. त्यांनी तिसऱ्या महिन्यातच कुणाला तरी विचारलं होतं. "मोठं झालं की केसांत झाकून जाईल," असं उत्तर मिळालं. कवटीचा मधला सांधा वेळेआधी बुजला की डोकं असं वाढतं. साधारण दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळाचा एखादा सांधा असा लवकर बंद होतो. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरशो यांनी १८५१ सालीच यामागचा नियम सांगितला होता. जो सांधा बुजतो, त्याला आडव्या दिशेनं कवटीची वाढ थांबते आणि आतला हात जिथे वाट मिळेल तिथे ढकलतो. मधला सांधा बुजला की डोकं होडीसारखं, कपाळाचा बुजला की कपाळ पुढून त्रिकोणी. तिथे व्यायामानं, बाजू बदलून काही होत नाही. शस्त्रक्रिया लागते. आणि तिला वेळेचं बंधन आहे. छोट्या चिरेतून दुर्बिणीनं होणारी शस्त्रक्रिया पहिल्या तीन-चार महिन्यांत सर्वांत सोयीची, कारण तेव्हा हाड पातळ असतं. त्यानंतर कवटी उघडून नव्यानं रचण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, तीही शक्यतो वर्षाच्या आत. त्या आजींचा नातू अजून उपचारांबाहेर गेलेला नव्हता. पण सोपी वाट अकरा महिन्यांपूर्वी मागे राहिली होती. 'केसांत झाकून जाईल' या तीन शब्दांची ती किंमत.

तेव्हा आईबापांनो, ही चिन्हं लक्षात ठेवा. डोक्यावर सांध्याच्या रेषेत बोटाला लागणारी टणक कडा. होडीसारखं किंवा त्रिकोणी डोकं, जे बाजू बदलूनही तसंच राहतं. घेर फार भराभर वाढणं, टाळू फुगलेली राहणं, वारंवार उलट्या, बुबुळं खाली ओढल्यासारखी दिसणं. हे डोक्यात पाणी साचल्याचं लक्षण असू शकतं आणि तिथे एक दिवसही दवडायचा नाही. उलट, घेर वाढतच नसेल तरी दाखवायचं. जुलाबात टाळू खचली, तर शरीरातलं पाणी संपत चाललंय. तेलानं टाळू भरून ती वर येत नाही. बाळाला दूध पाजत राहायचं, जलसंजीवनी द्यायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

दाखवायचं कुठे, हाही प्रश्न असतो. २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मदोष, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर शोधणं हे त्याचं काम. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत येतं. पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. पण पथक येण्याची वाट बघू नका. आशाताईंना, अंगणवाडीताईंना आजच विचारा.

हे जामखेडमध्ये बसून लिहिताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य इथे आलं. पुढच्या वर्षी त्यांच्या कामातल्या गावांत जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. आरोळे दांपत्यानं गावोगावच्या बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्यांना आरोग्यसेविका केलं. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९८८ साली त्या आरोग्यसेविकांपैकीच एक, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनच्या परिषदेत जगभरच्या तज्ज्ञांसमोर बोलल्या. या गावानं जगाला दाखवून दिलं, की पाटी-पेन्सिल न धरलेल्या हातांनाही तपासायला शिकवता येतं. मग ज्या हातांनी रोज बाळं न्हाऊ घातली जातात, ते हात आपण का शिकवू नयेत? बाळाचं डोकं रोज उघडं बघणारं माणूस त्यांच्याइतकं दुसरं कुणीच नाही.

मी आमच्या न्हाऊ घालणाऱ्या आजींना घरी बोलावलं. रागावले नाही, रागावण्यासारखं काही नव्हतंच. बाळाला मांडीवर घेतलं, टोपडं काढलं आणि त्यांना म्हटलं, "आता वरनं बघा." त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. उजवा कान डाव्यापेक्षा थोडा पुढे आहे, हे त्यांनीच मला दाखवलं. मी डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. होडीसारखं डोकं कसं असतं, बोटाला कडा कशी लागते, टाळू फुगणं म्हणजे काय, तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. बोलल्या नाहीत.

बाळ आता सात महिन्यांचं आहे. डोकं जवळजवळ गोल आहे, मान दोन्हीकडे वळते. टोपडं संदुकीत गेलं. आजी येतात, हलक्या हातानं तेल लावतात, डोकं दाबत नाहीत.

परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. नातवानं लावून दिला असावा, कारण मागून त्याचा आवाज येत होता. "ताई, वाडीवर एक लेकरू हाय, वीस दिसाचं. डोस्कं लांबट दिसतंय, अन्‌ मधी बोटाला कडा लागतीया. त्याच्या आयला म्या सांगितलंय, झाकू नको म्हनून. कुटं न्यायचं त्याला?"