घोडा आपला, इंजिनही आपलं

शहाद्यात गेम बनवायचा म्हटलं की मला हमखास सल्ला मिळतो: आधी पुण्याला जाऊन कोर्स कर. कशाला? गोडो इंजिन फुकट आहे, अँड्रॉइड फोनवरही चालतं.

पण फुकट हा खरा मुद्दाच नाही. युनिटीही सुरुवातीला फुकटच मिळतं. 2023 मध्ये त्याच कंपनीनं ठराविक कमाईपुढच्या गेम्सना दर इन्स्टॉलमागे पैसे लावायचं जाहीर केलं. ओरड झाली, 2024 मध्ये मागे घेतलं. गोडोचा कोड एमआयटी लायसन्सखाली खुला आहे. उद्या कुणाची मर्जी फिरली, तरी हातातली आवृत्ती आपलीच. चौथ्या आवृत्तीपासून तर जोडाक्षरंही नीट उमटतात.

मग सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार गेममध्ये का नको? सौदा अहिराणीत होऊ दे, नाहीतर भिलीत. आपण मात्र अजून परक्या शहरांतल्या गाड्याच पळवतोय, तेही क्रॅक केलेल्या कॉपीत!