मेरानोची पायवाट

इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्सच्या कुशीत मेरानो हे गाव आहे. उत्तरेकडून येणारे गार वारे तीन हजार मीटरहून उंच डोंगर अडवतात. गाव मात्र जेमतेम 325 मीटर उंचीवर, दक्षिणेकडे उघडणाऱ्या खोऱ्यात वसले आहे. म्हणून शिखरांवर बर्फ असतानाही खाली पामची झाडे डुलतात, उतारांवर द्राक्षे पिकतात.

एकोणिसाव्या शतकात ही हवाच औषध ठरली. तेव्हा मेरानो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. 1870 मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथ आपल्या नाजूक प्रकृतीच्या धाकट्या मुलीला हवापालटासाठी येथे घेऊन आली. मुलीला गाव मानवले आणि मेरानोचे नाव झाले. कोणी द्राक्षांचा उपचार घेई, कोणी फाटलेल्या दुधाच्या निवळीचा. क्षयरोग्यांना मोठी आशा होती ती हवेची. 1920 मध्ये लेखक फ्रान्झ काफ्काही याच आशेने काही आठवडे येथे राहिला. चार वर्षांनी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो क्षयानेच गेला.

क्षयाचा जंतू 1882 मध्येच सापडला होता. हवेने तो मरत नाही. त्याला मारणारी औषधे यायला 1940चे दशक उजाडले. हवापालट खरोखर किती गरजेचा, याचे ठोस उत्तर मात्र भारतातून मिळाले. 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात, तर काहींना दाटीवाटीच्या घरीच ठेवून सारखीच औषधे दिली गेली. घरचे अन्न आणि विश्रांती कमी पडूनही गुण जवळपास सारखाच आला. म्हणून आजही क्षयाचे निदान झाल्यावर डोंगरावर जाण्यापेक्षा औषधांचा एकही डोस न चुकवणे महत्त्वाचे.

मग मेरानोचा वारसा निव्वळ भ्रमाचा आहे का? नाही. तेथील खरे औषध पायांखाली आहे. म्युनिकचे डॉक्टर माक्स एर्टेल यांनी हृदयविकार आणि स्थूलतेच्या रुग्णांसाठी चढाच्या वाटांवरून हळूहळू वाढवत नेण्याच्या चालण्याचा उपचार मांडला. मेरानोचे डॉक्टर फ्रान्झ टाप्पाइनर यांनी डोंगराच्या कडेने, फारशी दमछाक न करणारी पायवाट पदरमोड करून बांधवली. नदीकाठी हिवाळ्यासाठी उन्हाचा रस्ता आहे, समोरच्या काठावर उन्हाळ्यासाठी झाडांच्या सावलीचा. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा सल्ला त्या वाटांवर सहज पाळला जातो.

मेरानोला जाणाऱ्याने गरम पाण्याच्या कुंडात जरूर बसावे. अंग मोकळे होते, मन निवते. पण त्या पाण्याने मधुमेह किंवा रक्तदाब बरा होईल, या आशेने गोळ्या बंद करू नयेत. सोबत आणायचीच तर रोज चालण्याची सवय आणावी. पाचगणी-महाबळेश्वरला हवापालटासाठी जाऊन दिवसभर गाडीतूनच ‘पॉइंट’ पाहणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आणि नगरपालिकांनीही एवढे ध्यानात घ्यावे, की आल्प्सची हवा कुणाला आणता येणार नाही. पण म्हाताऱ्या माणसाला न धडपडता चालता येईल असा सावलीचा पदपथ कोणत्याही गावाला बांधता येतो.