पदके मोजून झाली, खाटांचे काय?

टोक्योतली ऑलिम्पिक ज्योत ८ ऑगस्ट २०२१ रोजी विझली. नीरज चोप्राच्या सुवर्णासह सात पदके घेऊन भारतीय चमू मायदेशी परतला आणि सत्कारांची धामधूम उडाली. या आनंदात एक गोष्ट सहज विसरली गेली : ज्या देशात ही स्पर्धा झाली, तिथल्या बहुतेक लोकांना ती त्या उन्हाळ्यात नको होती. ती पार पडल्यावर ‘बघा, उगाच बाऊ केला होता’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण बरोबर नाही.

मे महिन्यात ‘असाही शिंबुन’ने घेतलेल्या जनमत चाचणीत ४३ टक्के लोकांनी स्पर्धा रद्द करा असे सांगितले, ४० टक्क्यांनी आणखी पुढे ढकला म्हटले. ठरल्याप्रमाणे घ्या म्हणणारे जेमतेम १४ टक्के होते. विशेष म्हणजे ‘असाही’ हे वृत्तपत्र या ऑलिम्पिकचे अधिकृत भागीदार. तरीही त्याने २६ मे रोजी अग्रलेख लिहून पंतप्रधान योशिहिदे सुगा यांना स्पर्धा रद्द करण्याचे आवाहन केले. वकील केंजी उत्सुनोमिया यांच्या ऑनलाइन अर्जावर अवघ्या दहा दिवसांत साडेतीन लाखांवर सह्या पडल्या.

या विरोधाचा कणा होते डॉक्टर आणि परिचारिका. टोक्योतल्या सुमारे सहा हजार डॉक्टरांच्या संघटनेने जाहीर पत्र लिहून स्पर्धा रद्द करण्याची मागणी केली. शहराच्या पश्चिमेकडील ताचिकावा येथील एका रुग्णालयाने तर खिडक्यांना मोठाले फलक चिकटवले : वैद्यकीय व्यवस्थेची मर्यादा संपली आहे, ऑलिम्पिक थांबवा. आयोजकांनी स्पर्धेसाठी ५०० परिचारिकांची मागणी केली, तेव्हा परिचारिकांचा संताप समाजमाध्यमांवर उसळला. त्याच सुमारास ओसाकामध्ये खाट न मिळाल्याने रुग्ण घरीच दगावत होते. खेळाडूंसाठी खाटा राखून ठेवण्याची विनंती आली, तेव्हा चिबा आणि इबाराकी प्रांतांच्या गव्हर्नरांनी तिला स्पष्ट नकार दिला.

इथे एक कोडे पडते. लोकसंख्येच्या मानाने रुग्णालयांतल्या खाटा मोजल्या, तर जपान जगात अगदी वरच्या स्थानावर आहे. मग खाटा कमी कशा पडल्या? तिथली बहुसंख्य रुग्णालये खासगी आणि लहान आहेत. बऱ्याच खाटा वृद्धांच्या दीर्घ मुक्कामाच्या किंवा मानसोपचाराच्या आहेत. संसर्गजन्य आजाराचा अत्यवस्थ रुग्ण सांभाळायला वेगळा कक्ष, प्राणवायूची सोय आणि मुख्य म्हणजे चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका लागते. खाट विकत घेता येते, पण परिचारिका घडायला वर्षे लागतात. म्हणून ५०० हा आकडा आयोजकांना किरकोळ वाटला तरी वॉर्डात उभ्या असलेल्या माणसाला तो तसा वाटणे शक्य नव्हते. त्यात लसीकरण रखडलेले. मेच्या मध्यात एक तरी मात्रा मिळालेले लोक पाच टक्क्यांहूनही कमी होते.

आयोजकांची बाजूही पाहिली पाहिजे. परदेशी प्रेक्षकांना मार्चमध्येच बंदी झाली होती, जुलैत टोक्योतल्या स्पर्धा प्रेक्षकांविना घेण्याचे ठरले, खेळाडूंची रोज लाळेची चाचणी झाली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मे महिन्यात मायकेल ऑस्टरहोम आदी तज्ज्ञांनी या नियमावलीवर कडक टीका केली होती. विषाणू हवेतून पसरतो हे लक्षात घेता बंदिस्त सभागृहातली कुस्ती आणि उघड्यावरची नौकाविहार स्पर्धा यांचा धोका एकच कसा मानायचा, असा तिचा रोख होता. प्रत्यक्षात सहा लाखांहून अधिक चाचण्यांत बाधित निघाल्याचे प्रमाण आयोजकांच्या आकडेवारीनुसार ०.०२ टक्के राहिले. म्हणजे ‘बुडबुडा’ बऱ्यापैकी टिकला. हे यश नाकारण्याचे कारण नाही.

बुडबुड्याबाहेर काय झाले? उद्घाटनाच्या दिवशी, २३ जुलैला, टोक्योत १,३५९ नवे रुग्ण सापडले. ५ ऑगस्टला ५,०४२ आणि १३ ऑगस्टला ५,७७३. मधल्या काळात, २ ऑगस्टला, सरकारने जाहीर केले की गंभीर किंवा तसा धोका असलेल्या रुग्णांनाच रुग्णालयात जागा मिळेल, बाकीच्यांनी घरीच राहावे. १७ ऑगस्टला चिबा प्रांतात एका बाधित गर्भवतीला कुठेही खाट मिळाली नाही. तिची घरीच अकाली प्रसूती झाली आणि बाळ वाचले नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे प्रवक्ते मार्क ॲडम्स यांनी स्पर्धा आणि शहर ही दोन समांतर जगे असल्याचे म्हटले होते. ते विषाणूपुरते बरेचसे खरे असेल. परिचारिका, रुग्णवाहिका आणि लोकांचे मन यांना मात्र दोन जगे नसतात.

ही लाट ऑलिम्पिकमुळे आली, असे ठामपणे म्हणता येत नाही. डेल्टा विषाणू आधीच पसरत होता. पण सरकारचे सल्लागार शिगेरू ओमी जूनपासून ज्याबद्दल बजावत होते, तो धोका निराळा होता. साथीत लोकांचे वागणे हेच मोठे औषध असते. बार लवकर बंद करा, मद्य देऊ नका, गावी जाऊ नका, असे एकीकडे सांगायचे आणि दुसरीकडे जगभरातून हजारो माणसे बोलावून आतषबाजी करायची. मग आवाहनाला कोण भीक घालणार? मुलांचे शाळेतले क्रीडादिन रद्द झाले होते, हे तिथल्या पालकांना चांगलेच आठवत होते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. एप्रिलमध्ये राज्यात रोज साठ हजारांवर रुग्ण सापडत होते, प्राणवायूसाठी नातेवाईक धावत होते, संचारबंदी होती आणि वानखेडेवर प्रकाशझोतात आयपीएलचे सामने चालू होते. तोही बुडबुडाच होता. ४ मे रोजी तो फुटला आणि स्पर्धा थांबली. फरक एवढाच की आपल्याकडे विरोधाचा सूर जपानसारखा संघटित झाला नाही.

गंमत अशी की स्पर्धा संपताना ‘असाही’ने पुन्हा विचारले, तेव्हा ५६ टक्के लोक म्हणाले, झाली ते बरे झाले. त्याच चाचणीत सुगा यांच्या सरकारला पाठिंबा उरला होता २८ टक्के. याला लोकांचा चंचलपणा म्हणणे अन्यायाचे होईल. खेळ आवडणे आणि निर्णय न पटणे या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात. शिवाय निर्णय त्यांच्या हातात होताच कुठे? यजमान शहराच्या करारानुसार स्पर्धा रद्द करण्याचा अधिकार फक्त ऑलिम्पिक समितीचा. आणीबाणी असली तरी स्पर्धा होईल, असे समितीचे उपाध्यक्ष जॉन कोट्स मे महिन्यातच सांगून मोकळे झाले होते.

मंगळवारी, २४ ऑगस्ट २०२१ रोजी, टोक्योत पॅरालिम्पिक सुरू झाले. सामान्य प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. शाळकरी मुलांना मात्र सामने दाखवण्याची योजना कायम होती. परिस्थिती ऑलिम्पिकच्या वेळेपेक्षा कितीतरी बिकट असल्याचे ओमी यांनी संसदेत सांगितले होते. मुलांना पाठवायचे की नाही, हे शाळांनी आणि पालकांनी ठरवायचे होते.