टक्केवारीने नदी शुद्ध होत नाही

केळीची साल, उसाचे चिपाड, भाताचे तूस, नारळाचा काथ्या, कडुलिंबाची पाने. यांपैकी एक नाव घ्यावे, त्यापुढे ‘९५ टक्के प्रदूषक नाहीसे’ असे लिहावे, की देशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेची बातमी तयार होते. यामागचे विज्ञान खोटे नाही. सेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन यांवरील हायड्रॉक्सिल व कार्बॉक्सिल गट पाण्यातील धातूंचे आणि रंगांचे कण धरून ठेवतात. यालाच अधिशोषण म्हणतात. आक्षेप या विज्ञानावर नाही. ते ज्या टप्प्यावर थांबवून विजय जाहीर केला जातो, त्या टप्प्यावर आहे.

आधी रंगाचे पाहू. अशा असंख्य प्रयोगांत मिथिलीन ब्लू हा एकच रंग ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून वापरला जातो. हा रंग धनभारित आहे आणि वनस्पतिज पदार्थांचा पृष्ठभाग सामान्यतः ऋणभारित असतो. दोघे एकमेकांना चिकटणारच! उत्तर आधीच ठाऊक असलेली ही परीक्षा आहे. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला सुती कापड रंगवताना मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग वापरतात. त्यांवर ऋणभारित सल्फोनेट गट असतात, म्हणजे तोच पृष्ठभाग त्यांना दूर लोटतो. शिवाय या रंगाईला मीठ फार लागते आणि सांडपाण्यात उरलेले ते मीठ कोणतीही साल काढू शकत नाही. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा रंगाइतकाच प्रश्न या क्षारांचाही होता.

क्रोमियमची कथा याहून गंभीर आहे. प्रयोगशाळेत पोटॅशियम डायक्रोमेटचे, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमचे द्रावण घेतात आणि सामू २ च्या आसपास आणतात, कारण तिथे आकडा सर्वांत चांगला येतो. कानपूरच्या जाजमऊमध्ये चामडे कमावायला वापरतात ते बेसिक क्रोमियम सल्फेट. त्यातले क्रोमियम त्रिसंयुजी असते. दुसरी गोम अशी की, आम्लधर्मी द्रावणात वनस्पतिज पदार्थ षट्संयुजी क्रोमियमचे क्षपण करून त्याचे त्रिसंयुजी रूप करतात आणि ते बऱ्याच अंशी पाण्यातच राहू शकते. केवळ षट्संयुजी रूप मोजणाऱ्याला मात्र ते ‘निघून गेले’ असे वाटते. आता टक्केवारीकडे वळू. लिटरमागे १०० मिलिग्रॅममधून ९५ टक्के काढले तरी ५ मिलिग्रॅम उरते. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. ज्याला यश म्हटले, ते मर्यादेच्या ५० पट आहे.

आणि भरलेल्या सालीचे काय? लिटरला २ ग्रॅम भुकटी हे प्रमाण धरले, तर रोजच्या १० लाख लिटरांना २ टन भुकटी लागते आणि वर्षाकाठी ७३० टन विषारी गाळ तयार होतो. पाण्यातले विष घनरूपात आले एवढेच. ते नाहीसे झाले नाही. ते उघड्यावर टाकले की काय होते, हे पाहायला कानपूर देहात जिल्ह्यातल्या रनियाला जावे. तिथे रासायनिक कारखान्यांनी टाकलेल्या क्रोमियमयुक्त कचऱ्याने भूजल दूषित केले आहे. तरीही बहुतेक शोधनिबंधांत वापरलेल्या अधिशोषकाच्या विल्हेवाटीला जेमतेम एखादे वाक्य मिळते.

‘पण हा कचरा फुकट आहे’, असा बचाव केला जातो. उसाचे चिपाड साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळते, तूस भट्ट्यांना विकले जाते. गोळा करणे, वाळवणे, दळणे, आम्लाने धुणे यांचाही खर्च आहेच. ‘मूलभूत संशोधनाला वेळ द्या’, हा दुसरा बचाव. तो मान्य करता आला असता, पण हाच प्रयोग साल बदलून पुन्हा करण्यात मूलभूत काय आहे?

वनस्पतिज कचरा उपयोगी ठरतो, याचे पुरावे आपल्याकडे आहेत. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कार्बन जलशुद्धीकरणात रूढ आहे. २००९ मध्ये बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या विजेविना चालणाऱ्या शुद्धीयंत्रात तुसाची राख वापरली होती. दोन्ही ठिकाणी पदार्थावर प्रक्रिया झाली, त्याचा दर्जा ठरला आणि तो खऱ्या पाण्याशी झुंजला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. उभारलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी २०,२३६ दशलक्ष लिटर. उभारलेल्या क्षमतेचाही एक तृतीयांशाहून अधिक भाग वाया जातो. ज्या देशात बांधलेली केंद्रे पूर्ण चालत नाहीत, तिथे उणीव नव्या सालीची आहे काय?

विद्यार्थी मित्रांनो, प्रबंधासाठी हाच विषय मिळाला तर तो नाकारू नका. त्याच्या अटी बदला. कारखान्याचे खरे सांडपाणी आणा. चंबूत ढवळण्यावर न थांबता वाहत्या स्तंभात तपासा. साल स्वतःच पाण्यात किती सेंद्रिय द्रव्य सोडते, ते मोजा. तीच भुकटी दहाव्यांदा वापरून पाहा. शेवटी ती कुठे जाणार, तेही लिहा. आकडा ९५ वरून ४० वर येईल. मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी त्या ४० ला मान द्यायला शिकले पाहिजे, कारण नदीला उपयोग त्याच आकड्याचा आहे.