आवारातील झाडांच्या तज्ज्ञ मूल्यांकनाबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त तथा अध्यक्ष, वृक्ष प्राधिकरण,
महानगरपालिका

विषय : पुनर्विकासाचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी झाडांची तज्ज्ञामार्फत तपासणी होऊन सकारण लेखी अहवाल मिळणेबाबत.
संदर्भ : संस्थेचे यापूर्वीचे अर्ज व स्मरणपत्रे (पोचेच्या प्रती सोबत).

महोदय,

पुनर्विकासाच्या प्रस्तावासोबतच्या वृक्षयादीत संस्थेच्या दक्षिण कुंपणालगतच्या वडाचे वय 35 वर्षे नोंदवले आहे. इमारतीचा मूळ मंजूर नकाशा 1968 चा आहे आणि त्यात हा वड याच जागी दाखवलेला आहे. त्या नकाशाची प्रत प्रत्येक अर्जासोबत जोडली होती. झाड पन्नाशीचे झाले की वारसा वृक्ष ठरते आणि तोडल्यास वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. त्यामुळे 35 हा आकडा कोणाच्या सोयीचा आहे, हे विभागाला सांगण्याची गरज नसावी. यादी विकासकाच्या सल्लागाराने केली आणि विभागाने ती न पडताळता स्वीकारली.

याच यादीत वडापुढे ‘झुकलेला, धोकादायक’ असा शेरा आहे. वड झुकलेला आहे हे खरे. पण झुकलेल्या बाजूच्या पारंब्या जमिनीत रुजून खोडासारख्या जाड झाल्या आहेत आणि फांद्यांचा भार त्याच पेलतात. ही गोष्ट झाडाखाली उभे राहिल्यावरच दिसते. पाहणी मात्र फाटकातून झाली. खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजतात. येथे कोणी टेपच काढला नाही, तरीही अहवालात घेराचा रकाना भरलेला आहे.

फाटकाजवळच्या गुलमोहराबाबत नेमके उलटे झाले. यादीत तो ‘सुस्थितीत’ आहे. त्याच्या बुंध्याला जमिनीलगत बुरशीची कडक छत्रे आली आहेत, लाकडी मोगरीने ठोकल्यास खोड पोकळ वाजते आणि सांडपाण्याच्या वाहिनीसाठी चर खणताना त्याची एका बाजूची मुळे छाटली गेली आहेत. तो चर महानगरपालिकेच्याच कंत्राटदाराने खणला होता. मुळे तुटलेले झाड काही हंगाम हिरवेच राहते. पालवी पाहून त्याची पकड कळत नाही. गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ, आणि हा उभा आहे मुलांच्या शाळेच्या बसथांब्यावर. पावसाळ्यापूर्वी तपासणी होईल, असे विभागाने लेखी कळवले होते. पावसाळ्यात मोठी फांदी कोसळली, तेव्हा लगेच पाहणी होईल, असे तोंडी सांगितले गेले. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पथकाने चांगल्या फांद्या छाटल्या, बुंध्याकडे पाहिले नाही आणि ‘कार्यवाही पूर्ण’ अशी नोंद करून अर्ज निकाली काढला. कोणते झाड पडेल आणि कोणते टिकेल, हे कार्यालयात बसून ठरत असेल, तर अपघाताची जबाबदारीही तेथेच ठरावी.

नकाशाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण एकदा खोदाई झाली की तो मागे फिरवता येत नाही. प्रस्तावात झाडे म्हणजे सारख्या आकाराची हिरवी वर्तुळे आहेत. वड आणि शोभेचा पाम त्यात सारखेच. तळघराच्या खड्ड्याची कड वडाच्या खोडापासून 3 मीटरवर दाखवली आहे. झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या दोनेक फूट मातीत असतात आणि पर्णसंभाराच्या सावलीबाहेरही पसरतात. बांधकामाच्या वेळी खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखावे, असा ब्रिटनच्या बीएस 5837 या मानकाचा ठोकताळा आहे. या वडाचा व्यास सव्वा मीटर धरला तरी ती त्रिज्या 15 मीटर होते. इतकी जागा देणे शक्य नसेल, तर किती शक्य आहे आणि त्यात झाड तगेल का, हे झाडांचा जाणकार सांगू शकतो. नकाशा ‘वृक्ष वाचवून’ मंजूर करायचा आणि वर्षभराने वाळलेला वड तोडण्याची परवानगी द्यायची, हा प्रकार शेजारच्या भूखंडावर घडून गेला आहे.

सबब, विकासकाशी संबंध नसलेल्या वृक्षतज्ज्ञाकडून वड व गुलमोहराची प्रत्यक्ष तपासणी व्हावी. तीत बुंधा, मुळे व खोडातील पोकळी उपकरणाने तपासून घेर, वय व धोक्याची कारणे लेखी नोंदवावीत आणि संस्थेला प्रत मिळावी. वडाचे वय 1968 च्या नकाशाच्या आधारे दुरुस्त करावे. झाडांची जागा, पर्णविस्तार व मुळांचे क्षेत्र मोजून नकाशावर दाखवले जाईपर्यंत मंजुरीची कार्यवाही थांबवावी. गुलमोहर काढावा लागणार असेल, तर संस्थेची हरकत नाही. मात्र तो निर्णय पावसाळ्यापूर्वी व्हावा.

इतर झाडांच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढावेत. खोडांना ठोकलेले फलक उतरवावेत.

उत्तर लेखी व तपासणीच्या तारखेसह मिळावे. ‘पाहणी करण्यात येईल’ एवढेच कळवणारी पत्रे संस्थेच्या दप्तरी पुरेशी जमली आहेत.

आपली विश्वासू,
मानद सचिव,
संस्थेच्या व्यवस्थापक समितीकरिता