पाळीपत्रकात न मावणारे मूल

मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन अष्टविनायक यात्रेला प्रारंभ करणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, बारामती तालुक्यातील याच गावी १७ मार्च १९१० रोजी अनुताई वाघ यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी विवाह, सहा महिन्यांत वैधव्य. पुढे पुण्यात शिक्षिकेची नोकरी आणि १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्यासमवेत बोर्डीची वाट. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा या दोघींनी पालकांना दूषणे दिली नाहीत. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. धाकटे भावंड सांभाळण्यापायी थोरली मुलगी शाळेला मुकते, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली. कोसबाडच्या टेकडीवर गुराख्यांसाठी कुरणशाळाही भरली.

अनुताईंच्या जन्मभूमीच्या परिसरात आज नेमका हाच प्रश्न दर हिवाळ्यात उभा राहतो. दिवाळीच्या सुमारास सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बारामती-इंदापुरात उतरतात. नवरा-बायकोचा ‘कोयता’ पहाटेच्या काळोखात फडाकडे निघतो. मागे कोपीत उरतात ती तीन-चार वर्षांची बालके आणि त्यांना कडेवर घेणाऱ्या, स्वतःच बालवयातील बहिणी.

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील अशाच एका तळावर आम्ही सकाळची बालवाडी सुरू केली. गटप्रमुख म्हणून नियोजन माझ्याकडे होते. चौदा कार्यकर्ते, प्रत्येक दिवशी दोघे, असे सुबक पाळीपत्रक मी आखले आणि त्याचे बैठकीत कौतुकही झाले. दहा-बारा दिवसांनी एक चिमुरडी सतरंजीवर बसेचना. तिच्या बहिणीने कारण सांगितले, “रोज येगळीच बाई येती. हिला कोणच वळखीचं नाही.”

माझे नियोजन कार्यकर्त्यांच्या सोयीचे होते, मुलांच्या नव्हे! त्या वयाच्या बालकाला आपली तळमळ, आपला सेवाभाव यांचे काय? त्याला रोज तोच चेहरा, तीच हाक, तीच जागा हवी. मग दोन भगिनींना नित्याचा वर्ग दिला आणि उरलेल्या बाराजणांकडे पाणी भरणे, चिंचोके-मणी निवडून ठेवणे, मुकादमाशी बोलणे, सायंकाळी कोप्यांवर जाऊन आयांची भेट घेणे अशी कामे आली. नाराजी झालीच. वर्ग घेणारा सर्वांना दिसतो, सतरंजी झटकणारा दिसत नाही. दोघे-तिघे गळाले. उरलेल्यांना रोज सायंकाळी भेटणे, त्यांच्या कामाची मनापासून विचारपूस करणे, हेच गटप्रमुखाचे मुख्य काम आहे हे मला तेव्हा उमगले. तोवर मी स्वतःच उत्साहाने गाणी म्हणत असे!

आपल्या मंडळींचा आणखी एक मोह म्हणजे वाढदिवसानिमित्त खाऊवाटप आणि छायाचित्र. चार वेळा असे झाले की मुले येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता हाताकडे पाहू लागतात. त्याला ठाम नकार देणे प्रमुखाला जमले पाहिजे. देणगीदार दुखावला तरी. पाटी-पेन्सिलीचेही तेच. मातीचे गोळे, गोष्टी, बडबडगीते यांतूनच या वयात शिक्षण होते, हे गिजुभाई बधेकांपासून सांगितले जात असूनही ‘अक्षरे कधी शिकवणार?’ हा प्रश्न कार्यकर्तेच प्रथम विचारतात. गावातील अंगणवाडी सेविकेकडे तर पहिल्याच दिवशी जायला हवे होते. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालू आहे. मुलांची तिथे नोंद करून घेणे हे समांतर फलक लावण्यापेक्षा अधिक हिताचे. आम्ही तिसऱ्या आठवड्यात गेलो, आणि तिने ते बोलूनही दाखवले.

हंगाम संपत आला होता. एके सकाळी आमच्या दोघी भगिनी तळावर पोहोचल्या तेव्हा टोळी रात्रीतच निघून गेली होती. विझलेल्या चुली, थोडे पाचट आणि कोपीच्या दाराशी आमचे मातीचे दोन बैल. मुलांची गावे कोणती, हे आमच्यापैकी कुणीच लिहून ठेवले नव्हते. पुढच्या हंगामी पहिल्या दिवशी वही उघडली, ती मुलांची आणि त्यांच्या गावांची नावे लिहिण्यासाठी. पाळीपत्रक त्यानंतर झाले.