पावतीने टेन लागत नाही

आपल्या हौशी नेमबाजीत एक फसवणूक राजरोस चालू आहे, आणि फसवणारे व फसणारे दोघेही तिच्यावर खूश आहेत. तीन लाखांची जर्मन रायफल, मापे देऊन शिवून घेतलेले जाकीट आणि पँट, खास बूट, डोळ्यांवर शूटिंगची चौकट, बॅगेत चार प्रकारचे छर्रे, आणि दहा शॉटच्या सिरीजला 85. पुढच्या महिन्यात नवी बट प्लेट येते. सिरीज 85. त्याच्या पुढच्या महिन्यात रिअर साइट बदलते. सिरीज 84. तरीही चहाच्या टपरीवर चर्चा वस्तूंचीच. ट्रिगरवरचे बोट कसे हलते, श्वास कुठे थांबतो, रायफल दर शॉटला खांद्यावर त्याच जागी बसते का, याबद्दल चकार शब्द नाही.

हे बोललो की उत्तर ठरलेले: हौस आमची, पैसा आमचा, तुमच्या पोटात का दुखते? पैसा तुमचा आहे, मान्य. पण ज्या रेंजवर तुम्ही ही बॅग उघडून बसता, तिथे शेजारच्या लेनवर तेरा वर्षांची एखादी मुलगी क्लबची जुनी रायफल घेऊन उभी असते आणि तिचे वडील मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात हिशेब करत असतात. त्यांच्याकडे मी येणारच आहे. आधी टार्गेटकडे बघू, कारण टार्गेट कोणाची भीड ठेवत नाही.

दहा मीटर एअर रायफलचा टेन म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, ठिपक्याच्या नऊपट. आता कुठलीही नावाजलेली मॅच रायफल व्हाइसमध्ये घट्ट आवळा आणि दहा मीटरवर पाच छर्रे सोडा. पाचही जवळपास एकाच भोकातून जातात. हे फक्त आजच्या मॉडेलचे कौतुक नव्हे. बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायच्या फाइनवेर्कबाऊ 300 मालिकेतल्या रायफली कित्येक दशके जुन्या आहेत. ज्यांची निगा नीट राखली गेली, त्या आजही हेच करतात. व्हाइसमध्ये टेन मारणारी रायफल तुमच्या हातात आठ मारते, तेव्हा मधले दोन गुण तुमचे असतात. ते कारखान्याकडे परत पाठवता येत नाहीत.

पिस्तुलाचा हिशेब तर आणखी स्वच्छ आहे. एअर पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर साधारण 33 सेंटिमीटर. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे 30 मिलिमीटर बाजूला जातो. टेनच्या जागी सात. याउलट साइट खाचेत अगदी मधोमध आहे आणि अख्खा हातच पाच मिलिमीटर बाजूला गेला, तर टार्गेटवरची चूकही पाच मिलिमीटरचीच राहते. पिस्तुलाचा टेन 11.5 मिलिमीटरचा आहे, त्यामुळे तो शॉट टेनच. म्हणून शहाणा कोच पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडतो: हात हलणारच, हलू दे, टार्गेट अंधूक दिसले तरी चालेल, नजर पुढच्या साइटवर ठेव आणि बोट सरळ मागे घे. या एका वाक्यात पिस्तूल शूटिंगचा निम्माअधिक अभ्यासक्रम आहे आणि तो फुकट मिळतो. आमचे हौशी वीर मात्र हात हलतो म्हणून ग्रिप बदलतात. अक्रोडाची कोरीव ग्रिप येते, हात पूर्वीसारखाच हलतो, आणि टेन लागताना दिसावा म्हणून नजर टार्गेटवर गेलेली असते ती तिथेच राहते.

नेमबाजी ज्याने येते ते काम रुक्ष आहे. छर्रा न घालता, घरच्या भिंतीवर कोरा पांढरा कागद लावून, हत्यार उचलायचे, साइट जुळवायची, ट्रिगर दाबायचा आणि ‘टिक’ झाल्याच्या क्षणी साइट जागची हलली का ते बघायचे. याला ड्राय फायरिंग म्हणतात. रोज अर्धा-पाऊण तास. भोक पडत नाही, गुण मिळत नाहीत, बघायला कोणी नसते. कागदावर काळा ठिपकासुद्धा नसल्यामुळे डोळ्याला पळून जायला जागा उरत नाही आणि बोटाची लबाडी उघडी पडते. रायफलवाल्यांसाठी दुसरे काम: डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, दोन-तीन श्वास सोडायचे, डोळे उघडायचे. साइट टार्गेटच्या शेजारी दिसली, तर हाताने ओढून आणायची नाही. पाय सरकवायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. शरीर सैल असताना हत्यार आपोआप जिकडे बघते, तिकडेच टार्गेट यावे यासाठी हा खटाटोप. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात. स्नायूंच्या जोरावर ओढून आणलेली रायफल तिसऱ्या सिरीजपर्यंत टिकते, नंतर खांदा ती सोडून देतो. या कामाला एक पैसा लागत नाही, आणि नेमके हेच काम कोणी करत नाही.

मग सबबी सुरू होतात. सर्वांत लाडकी सबब छर्ऱ्यांची. ‘ही बॅच बरोबर नाही’, ‘माझ्या बॅरलला 4.49चे हेड लागते, 4.50 चालत नाही’. वरच्या पातळीवर छर्ऱ्यांची बॅच तपासणे खरेच गरजेचे असते. तिथे निकाल दशांशावर लागतो, 10.4 आणि 10.6 यांच्यात माणसे घरी जातात. पण ज्याच्या भोकांचा ग्रुप बांगडीएवढा आहे, त्याने मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चिंता करावी? ट्रिगर ओढतानाची नळीची हालचाल पडद्यावर रेघेने दाखवणारी यंत्रेही काहींनी घेतली आहेत. उत्तम यंत्र आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. ती रेघ शॉटच्या ऐन आधी झटका खाते, म्हणजे माणूस दचकतो आहे, हे लख्ख दिसते. यंत्र इतके खरे बोलते, आणि तेवढे बघून माणूस रायफलीचे वजन पुढे-मागे सरकवू लागतो. याला मी अज्ञान म्हणणार नाही. ही स्वतःशी केलेली बेइमानी आहे.

उपकरण निरर्थक आहे, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणणाराही खोटेच बोलतो. मापाची नसलेली रायफल लहान मुलाची पाठ आणि मान बिघडवते. जाकीट कमरेला आधार देते. ते फार काम करू लागेल, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत त्याच्या कापडाच्या जाडीला 2.5 मिलिमीटरची मर्यादा आहे आणि कडकपणाही यंत्राने मोजतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाने ऐन पात्रता फेरीत दगा दिला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, 575 वर ती थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिथे उपकरण नडले, यात शंका नाही. पण त्या घाईतही 575 मारले होते, हे विसरू नका. पुढे ती आपले जुने कोच जसपाल राणा यांच्याकडे परत गेली, पुन्हा घाम गाळला आणि 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्यपदके घेऊन आली.

अभिनव बिंद्राचे नाव तर माझ्या तोंडावर हमखास फेकले जाते. ‘त्याच्या घरीच रेंज होती, पैसा होता म्हणून जमले.’ हो, रेंज होती. आणि तिच्यात तो तासन् तास उभा राहायचा. हा उत्तरार्ध सांगायला सगळे विसरतात. 2008च्या बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात त्याचा छर्रा टेनच्या आसपाससुद्धा नव्हता, थेट चारच्या वर्तुळात गेला. साइट कशी कोण जाणे बिघडली होती. जगातली उत्तम रायफल हातात, आणि ती भलतीकडेच मारते आहे. फेरी सुरू व्हायला अगदी थोडा वेळ. त्याने साइटचे क्लिक फिरवले, मनातली खळबळ आवरली आणि पहिला मोजणीचा शॉट 10.7 मारला. शेवटच्या शॉटआधी फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीला आला होता. बिंद्राने 10.8 मारला. एकूण 700.5, आणि भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण. त्या दिवशी पैशाने घेतलेल्या वस्तूने दगा दिला आणि घरच्या रेंजवर उभ्या राहिलेल्या तासांनी सावरून घेतले. बिंद्राचे नाव घेणाऱ्यांनी आधी एवढे वाचावे.

दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा पॅरिसनंतर आला. तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, वय 51, साधा चष्मा, टी-शर्ट, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक पिस्तुलात रौप्य. त्याचा फोटो आपल्याकडे प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. ‘बघा, काही लागत नाही, अंगात पाहिजे!’ काही लागत नाही कसे? त्याच्या हातात स्पर्धेचेच पिस्तूल होते. तो लष्करी पोलिस दलातला माणूस, 2014 साली जागतिक विजेता झालेला, आणि पॅरिस हे त्याचे पाचवे ऑलिम्पिक. मोकळा हात खिशात घालणे ही त्याची ऐटही नव्हे. शरीर स्थिर राहावे म्हणून पिस्तूल शिकणाऱ्या प्रत्येक पोराला तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवायला शिकवतात. दिकेचच्या फोटोत दिसत नाही ती गोष्ट म्हणजे दोन दशकांचा सराव. पावती दाखवणारे आणि हा फोटो दाखवणारे, दोघेही त्या सरावापासूनच पळत असतात.

आता त्या बाकावरच्या वडिलांकडे येतो. असे एक गृहस्थ माझ्यापाशी आले होते. मुलीचा हात खरोखर चांगला होता, क्लबच्या खिळखिळ्या रायफलीवर ती नव्वदीच्या सिरीज काढत होती. तिच्या कोचने दुसऱ्याच महिन्यात यादी हातात ठेवली: रायफल, जाकीट, पँट, बूट, हातमोजा. दुकानही त्यानेच सांगितले. वडील मला म्हणाले, “साहेब, सर म्हणतात स्वतःची रायफल घेतल्याशिवाय पोर पुढे जाणार नाही. पतपेढीतून उचलू का?” मी म्हणालो, “दादा, एक वर्ष काही घेऊ नका. तिला आहे त्या रायफलीवर मारू द्या.” ते हो म्हणाले. पण शेजारच्या लेनवरची बॅग रोज त्यांच्या डोळ्यांसमोर उघडत होती, आणि कोच दर आठवड्याला यादीची आठवण करून देत होता. काही दिवसांनी मुलगी यायची बंद झाली. माझ्या लेखी हा गुन्हा आहे. कोचने आणि दुकानदाराने मिळून केलेला, आणि आम्ही सगळ्यांनी बघून न बघितल्यासारखा केलेला.

क्लबच्या रायफली खिळखिळ्या का असतात, तेही ऐका. एअर सिलिंडरची मुदत उत्पादक साधारण दहा वर्षे धरतात. मुदत संपली की नवा घ्यावा लागतो, सील बदलावे लागतात, ट्रिगर साफ करून पुन्हा बसवावा लागतो. त्यासाठी वर्गणी मागितली की लाखोंची रायफल बाळगणाऱ्या सभासदांचे हात खिशातून बाहेर येत नाहीत. क्लबच्या एका रायफलीवर दिवसाला पाच-सहा मुले शिकू शकतात. ती चालू ठेवण्याचा खर्च अशा सभासदांच्या एका बट प्लेटच्या आसपास जातो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे गाव आहे. तिथला स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करत सराव करत राहिला आणि पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्य जिंकला. या प्रकारातले भारताचे हे पहिलेच ऑलिम्पिक पदक. त्याचे वडील शिक्षक. पोराचा सराव थांबू नये म्हणून त्यांनी कर्ज काढले, ते काडतुसांसाठी. काडतूस म्हणजे मारायचा शॉट. मारला की संपला, आणि त्यातून पोराच्या हातात जे उरले ते पदकापर्यंत गेले. कर्ज काढायचेच असेल, तर ते कशासाठी काढावे हे या घराला नेमके कळले होते.

त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत जगज्जेता झाला. एवढी परंपरा असलेल्या राज्यात रेंजवर येणाऱ्या मुलाला आधी यादी दाखवली जाते, ही आपल्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

क्लब चालवणाऱ्यांना माझी मागणी आहे: नव्या मुलाला पहिले वर्षभर काहीही विकत घ्यायला लावायचे नाही, असा लेखी नियम करा, आणि दुकानाशी व्यवहार ठेवणाऱ्या कोचला रेंजवर उभे करू नका. ज्या सभासदाकडे स्वतःची रायफल आहे, त्याच्याकडून क्लबच्या रायफलीच्या देखभालीची वर्गणी सक्तीने घ्या. आणि पालकांनो, खरेदीची यादी हातात पडली, तर ती परत द्या आणि त्याऐवजी मुलाच्या ड्राय फायरिंगची वही मागा: कोणत्या दिवशी किती वेळ केले, कुठे चुकले, कोचने काय सांगितले. अशी वही ज्या कोचकडे नाही, त्याच्याकडून मूल काढून घ्या.